फोटोतला तपशील हरवतो कुठे?

सकाळी गॅलरीत काढलेल्या जास्वंदीच्या फोटोत परागकण मोजता येतात आणि त्याच फोनने संध्याकाळी मंगल कार्यालयात काढलेल्या फोटोत नवरीच्या शालूची जर नुसती पिवळी पट्टी दिसते. फोन तोच, लेन्स तीच, सेटिंगमधला मेगापिक्सेलचा आकडाही तोच. तरी दुसरा फोटो जरा मोठा करून पाहिला की चेहरे मेणाचे वाटायला लागतात. मग घरात चर्चा सुरू होते की आता जास्त मेगापिक्सेलचा फोन घ्यायला हवा. दुकानदारही हाच आकडा आधी सांगतो, कारण तो सांगायला सोपा आणि तुलनेला सोयीचा. पण आकडा न बदलता एक फोटो सुरेख आणि दुसरा सुमार येत असेल, तर दोष त्या आकड्याच्या माथी मारता येणार नाही. तो दुसरीकडे शोधायला हवा. त्यासाठी समोरच्या वस्तूपासून आपल्या डोळ्यापर्यंत येताना फोटोतला तपशील कुठे कुठे गळतो, ते क्रमाने पाहावं लागतं. तसं पाहिलं की लक्षात येतं, रोजच्या फोटोंचं नुकसान पिक्सेल कमी पडल्यामुळे क्वचितच होतं. ते होतं उजेड अपुरा पडल्यामुळे आणि काहीतरी हलल्यामुळे.

दहा हजारांपासून वीस कोटींपर्यंत

लेन्सच्या मागे सिलिकॉनची एक छोटी चीप असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर उजेड मोजणाऱ्या अतिसूक्ष्म घरांच्या आडव्या-उभ्या रांगा असतात. फोटो टिपला जात असताना आपल्यात किती उजेड पडला, एवढीच नोंद प्रत्येक घर करतं. अशी एक नोंद म्हणजे एक पिक्सेल. आडव्या रांगेत ४,००० आणि उभ्या रांगेत ३,००० घरं असली तर गुणाकार १ कोटी २० लाख होतो. दहा लाखांना एक मेगापिक्सेल म्हणतात, म्हणून हा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा. १९७५ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जुळवला, तेव्हा त्यात १०० गुणिले १०० म्हणजे जेमतेम १०,००० पिक्सेल होते. फोटो कृष्णधवल, आणि तो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आज बँकांच्या परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरताना २०० गुणिले २३० पिक्सेलचा जो इवलासा फोटो जोडावा लागतो, त्यातही सॅसनच्या कॅमेऱ्याच्या चौपटीहून जास्त पिक्सेल असतात. फोनच्या जाहिरातीतला आकडा तर आता २०० मेगापिक्सेलवर, म्हणजे २० कोटींवर पोहोचला आहे.

पण हा आकडा क्षेत्रफळाचा आहे आणि आपल्याला जाणवतो तो बारकावा लांबी-रुंदीचा असतो. इथे पहिली फसगत होते. १२ ऐवजी ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर आकडा चौपट होतो, मात्र फोटोची रुंदी ४,००० वरून ८,००० पिक्सेलवर जाते, म्हणजे दुप्पट. शालूच्या काठात पूर्वी दहा रेघा वेगळ्या ओळखू येत असतील, तर सगळं काही आदर्श असताना आता वीस येतील. १२ वरून २४ वर जाण्यात तर लांबीतला फायदा साधारण ४१ टक्क्यांचा. दुप्पट पैसे मोजणाऱ्याला दुप्पट स्पष्टता मिळत नाही, आणि ही झाली सगळं आदर्श असतानाची गोष्ट.

दुसरी गोष्ट खोक्यावर कधीच छापलेली नसते. सेन्सरच्या घराला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त हे कळतं. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची एक सूक्ष्म गाळणी बसवलेली असते. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या मांडणीनुसार यातली निम्मी घरं हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. मानवी डोळा बारकावे टिपतो ते मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या उजेडातून, म्हणून हिरव्याला झुकतं माप. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला मात्र तिन्ही रंगांचे आकडे लागतात. एक आकडा मोजलेला, उरलेले दोन शेजारच्या घरांवरून अंदाजाने भरलेले. म्हणजे फोटोच्या फाइलमधली दोन तृतीयांश रंगमाहिती हा हिशेबी अंदाज असतो. अंदाज बहुतेक वेळा बेमालूम जमतो. बारीक चौकडीचा शर्ट किंवा दाट रेघांचं इरकली लुगडं समोर आलं की तो कधीकधी चुकतो आणि कापडावर नसलेल्या रंगीत लाटा फोटोत उमटतात.

टाकी मोठी, धार तेवढीच

सोसायटीत पाच हजार लिटरच्या टाकीच्या जागी वीस हजारांची बसवली, म्हणून महापालिकेच्या नळाची धार वाढत नाही. पिक्सेल ही टाकी आहे. तपशील येतो लेन्समधून, आणि लेन्स किती तपशील सेन्सरपर्यंत पोहोचवू शकते याला निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे. उजेड लाटांच्या रूपात प्रवास करतो, त्यामुळे लेन्सच्या छिद्रातून पलीकडे जाताना तो किंचित पसरतो. शाळेच्या पुस्तकात याला विवर्तन म्हटलेलं असतं. यामुळे ताऱ्यासारख्या निव्वळ बिंदूचीही प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची बारीकशी गोल चकती होते. लेन्स कितीही महागाची आणि निर्दोष असली तरी हे टळत नाही. चकती केवढी होणार हे लेन्सच्या एफ-नंबरवर, म्हणजे तिच्या छिद्राच्या मापावर ठरतं. बहुतेक चांगल्या फोनमध्ये मुख्य लेन्सचा एफ-नंबर १.८ च्या आसपास असतो. हिरव्या उजेडासाठी हिशेब केला तर चकतीचा व्यास सुमारे २.४ मायक्रॉन येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सॅमसंगने २०२३ च्या गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रामध्ये जो २०० मेगापिक्सेलचा सेन्सर बसवला, त्यातलं एक घर ०.६ मायक्रॉन रुंद आहे. म्हणजे एकाच बिंदूची चकती चार घरं आडवी आणि चार घरं उभी व्यापते. त्या सोळा घरांनी सोळा वेगळ्या गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा करणं फोल आहे.

हे कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणूनच तो फोन नेहमीच्या पद्धतीने फोटो काढताना सोळा-सोळा घरांचे गट करतो, प्रत्येक गटाची बेरीज एकच पिक्सेल समजतो आणि साधारण १२ मेगापिक्सेलची फाइल हातात देतो. २०० चा आकडा हवा असेल तर तो सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम निवडावा लागतो. ऊन भरपूर असेल आणि दृश्य स्थिर असेल तर त्यातून थोडा अधिक तपशील निघतोही. मंगल कार्यालयात मात्र तो निवडून हाती लागतं ते फक्त फाइलचं वजन.

याची उलट बाजू आणखी बोलकी आहे. ॲपलने २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२१ च्या आयफोन १३ पर्यंत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच ठेवला होता. या काळात फोटो सुधारले नाहीत असं ते फोन वापरलेला कुणीही म्हणणार नाही. सुधारणा आली दुसऱ्या वाटेने. ६एसमध्ये सेन्सरचं एक घर १.२२ मायक्रॉनचं होतं, १३ प्रोमध्ये ते १.९ मायक्रॉनचं झालं. लेन्सचा एफ-नंबर २.२ वरून १.५ वर आला. एफ-नंबर जितका लहान तितकं छिद्र मोठं. दोन्हींचा गुणाकार केला तर त्याच वेळात प्रत्येक घराला पाचपट उजेड मिळायला लागला. एकापाठोपाठ अनेक फोटो टिपून ते जुळवण्याची आज्ञावलीही याच काळात पोक्त झाली. टाकी तीच ठेवून धार वाढवली, असा हा सगळा उद्योग होता.

उजेडाचा हिशेब

आपला डोळा उजेडाच्या बाबतीत फार लवचीक आहे, आणि त्यामुळेच तो आपल्याला फसवतो. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स इतका उजेड असतो. लक्स हे उजेड मोजायचं एकक. ट्यूबलाइट लावलेल्या घरात तो १०० ते २०० लक्स असतो. डोळ्याला खोली "चांगली उजळ" वाटते आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती उन्हापेक्षा पाचशे ते हजार पटींनी अंधारी असते. एफ १.८ च्या लेन्सला उन्हात एका सेकंदाचा काही हजारावा भाग पुरतो. घरात तितकाच उजेड गोळा करायला सेकंदाचा दहावा-बारावा भाग लागतो. हा वेळ वाढला की हात हलतो, माणसं हलतात. म्हणून फोन तडजोड करतो. वेळ पन्नासाव्या किंवा तिसाव्या भागावर थांबवतो आणि कमी पडलेला उजेड आयएसओ वाढवून भरून काढल्यासारखं दाखवतो. आयएसओ वाढवल्याने उजेडाचा एक कणही जास्त येत नाही, जेवढी नोंद झाली तिचेच आकडे फुगवले जातात.

आकडे फुगवले की त्यातली खोटही फुगते. उजेड कणाकणाने येतो आणि पावसाच्या थेंबांसारखाच अनियमितपणे पडतो. एखाद्या घरात सरासरी १०,००० कण पडणार असतील तर प्रत्यक्षात शंभरेक कमी-जास्त पडतात. फरक एका टक्क्याचा, डोळ्याला कळतही नाही. शंभरच कण पडणार असतील तर दहा कमी-जास्त पडतात, म्हणजे दहा टक्के. एकाच रंगाच्या भिंतीवर शेजारशेजारचे पिक्सेल असे दहा टक्क्यांनी मागेपुढे झाले की ती भिंत दाणेदार दिसते. रात्रीच्या फोटोतले दाणे ते हेच. यात कॅमेऱ्याच्या बनावटीचा दोष थोडा असतो, बाकी सगळा उजेडाच्या स्वभावाचा. त्यावर एकच उतारा आहे, अधिक उजेड गोळा करणं. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो, तर भारी फोनचा साधारण १० गुणिले ७ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात बारापट अंतर पडतं. लग्नाचा फोटोग्राफर एवढा अवजड कॅमेरा गळ्यात अडकवून का फिरतो, याचं अर्धं उत्तर या बारापटीत आहे.

फोनजवळ ती सोय नसते, म्हणून तो दाणे पुसतो. आणि आपला शालू इथेच हरवतो. दाणे म्हणजे शेजारच्या पिक्सेलमधला बारीक फरक. जर, केसांच्या बटा, दाढीचे खुंट, गालावरची रंध्रं हेही शेजारच्या पिक्सेलमधले बारीक फरकच. कोणता फरक खरा आणि कोणता अपघाती, हे आज्ञावलीला दरवेळी ओळखता येत नाही. ती शंका आली की सरसकट पुसते. मग उरलेल्या ठळक कडा उठून दिसाव्यात म्हणून त्यांच्या एका बाजूला काळोख आणि दुसऱ्या बाजूला उजळपणा वाढवते. असा फोटो फोनच्या छोट्या पडद्यावर "एकदम क्लिअर" वाटतो. बोटांनी मोठा केला की भुवई म्हणजे एक काळा पट्टा, गाल गुळगुळीत आणि शालूचा काठ पिवळा रंग फासल्यासारखा. पिक्सेल सगळे जागच्या जागी आहेत, त्यांच्यात भरायला माहितीच उरलेली नाही.

सेकंदाच्या तिसाव्या भागात

एका सेकंदाचे तीस भाग केले तर त्यातला एक आपल्याला अगदी क्षुल्लक वाटतो. पिक्सेलच्या मापाने तो फार लांबलचक असतो. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाचा फोटो काढतोय असं धरू. फोटोच्या रुंदीत दोन मीटरचं दृश्य मावलं आहे आणि फोटो ४,००० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला अर्धा मिलिमीटर जागा आली. लेझीम धरलेला हात सेकंदाला दोन मीटर वेगाने आडवा फिरतो आहे. सेकंदाच्या तिसाव्या भागात तो ६७ मिलिमीटर सरकला. फोटोत ही सरक १३३ पिक्सेलची होते, म्हणजे लेझीम नाहीच, फक्त एक धुरकट फराटा. हाच फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात काढला तर हात दोन मिलिमीटर सरकेल, म्हणजे चार पिक्सेल. लेझमीच्या चकत्याही वेगवेगळ्या दिसतील. आता १२ ऐवजी ४८ मेगापिक्सेल घेऊन पाहा. तिसाव्या भागातला फराटा १३३ ऐवजी २६७ पिक्सेल लांब होईल. जास्त पिक्सेलनी तोच धुरकटपणा जास्त काटेकोरपणे नोंदवला, एवढंच.

हलतं ते दृश्यच असं नाही, कॅमेराही हलतो. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा धरला तर साधारण ७० अंशांचं दृश्य ४,००० पिक्सेलमध्ये मावतं. एका पिक्सेलला अंशाचा जेमतेम साठावा भाग येतो. फोटो निघताना हात इतकासा वळला तरी एक पिक्सेल दुसऱ्यावर सांडला. पाचपट झूमच्या लेन्सवर हीच सहनशीलता अंशाच्या सुमारे अडीचशेव्या भागावर येते. फिल्मच्या जमान्यापासून फोटोग्राफर एक आडाखा पाळत आले आहेत: लेन्सचं नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर शटरचा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त नको, २०० असेल तर दोनशेव्या भागापेक्षा नको. आताच्या दाट पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हा आडाखा ढिला पडतो, वेळ त्याच्याही निम्मा ठेवलेला बरा. हाताची थरथर सावरणारी यंत्रणा हल्ली लेन्समध्ये किंवा सेन्सरखाली बसवलेली असते आणि ती खरोखर उपयोगी आहे. मात्र ती सावरते तुमचा हात, पथकातल्या पोरांचे हात तिला थांबवता येत नाहीत. ट्रायपॉडचंही तसंच. देवळाचा कळस टिपायला तो उत्तम, रांगणाऱ्या बाळापुढे त्याचा उपयोग शून्य.

फोकस आणि लेन्सची सफाई या दोन गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत, तरी त्यांच्यामुळे वाया जाणारे फोटो थोडे नसतात. लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमकी जुळते; पुढे-मागे थोडी सूट मिळते आणि वस्तू जवळ आणावी तशी ती सूट आटत जाते. म्हणून मोदकाच्या ताटाचा जवळून फोटो काढताना समोरच्या मोदकाच्या कळ्या स्पष्ट आणि मागचा मोदक विरलेला येतो. पडद्यावर हव्या त्या जागी बोट टेकवलं की फोन तिथे फोकस करतो. न टेकवल्यास तो स्वतःच्या अकलेने ठरवतो, आणि ती अक्कल गजरे-हारांच्या गर्दीत चेहऱ्याऐवजी झेंडूवर बसू शकते. लेन्सवरचा बोटाचा तेलकट ठसा तर दिव्यांभोवती लांब शेपट्या काढतो आणि सगळा फोटो दुधाळ करतो. शर्टाच्या मऊ टोकाने लेन्स पुसणं हा या लेखातला सर्वात स्वस्त सल्ला आहे.

चौकट : किती पिक्सेल पुरेत?

साधारण नजरेला अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक फरक ओळखता येत नाही. ३० सेंटिमीटरवरून हातात धरून पाहायच्या फोटोला हे इंचाला जवळपास ३०० पिक्सेल पडतं. छपाईतला ३०० चा प्रसिद्ध आकडा डोळ्याच्या या मर्यादेशी जुळणारा आहे.

४ × ६ इंचांचा फोटो : सुमारे २ मेगापिक्सेल
८ × १० इंच : सुमारे ७
१२ × १८ इंच : सुमारे १९, भिंतीवर लावून मीटरभर अंतरावरून पाहायचा तर २ पुरतात
फुल एचडी टीव्ही : सुमारे २
फोर-के टीव्ही : सुमारे ८
२० × १० फुटांचा फ्लेक्स, १५ मीटरवरून : हिशेबाने जेमतेम १

चौकातल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर कार्यकर्त्याचा चेहरा फाटलेला दिसतो, तो फ्लेक्स मोठा असतो म्हणून नव्हे. ग्रुप फोटोतून कापलेला किंवा डीपीवरून उचललेला तो चेहरा मुळातच शे-दोनशे पिक्सेलचा असतो.

मग जास्त पिक्सेल निरुपयोगी आहेत का?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी कितीही मोठ्या लेन्सने टिपला तरी लहानच येतो. तो फोटो नंतर कापावा लागतो आणि कापताना पिक्सेल भराभर संपतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीने निम्मा कापला तर ३ मेगापिक्सेल उरतात, पाव उरेल इतका कापला तर पाऊणच. फोनवर बोटांनी केलेला झूम बऱ्याच अंशी हीच कापाकापी असते, फक्त ती आधी होते. शिवाय लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचांचं अखंड पान एकाच फोटोने भरायचं तर ३०० च्या हिशेबाने ३९ मेगापिक्सेल लागतात. अशा कामाला ४५ किंवा ६० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेणारा माणूस चैन करत नसतो. त्याच्याकडे तेवढा तपशील पोहोचवणारी लेन्स, मोठा सेन्सर आणि फ्लॅश असतो, म्हणून त्याला तो आकडा पचतो. खालच्या किमतीच्या फोनमध्ये मागच्या बाजूला चार कॅमेरे दिसावेत म्हणून २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारा कॅमेरा बसवतात, तो मात्र निव्वळ खोगीरभरतीचा. तिथे पिक्सेलही कमी आणि लेन्सही कमजोर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हाताची थरथर तपशील बिघडवते असं वर म्हटलं, पण गूगलने २०१८ च्या पिक्सेल ३ मध्ये याच थरथरीचा फायदा करून घेतला. फोन एकापाठोपाठ अनेक फोटो टिपतो. प्रत्येक वेळी हात किंचित सरकल्यामुळे दृश्यातला तोच बिंदू कधी लाल गाळणीखाली येतो, कधी हिरव्या. सगळे फोटो जुळवले की शेजाऱ्यावरून अंदाज बांधायची गरज कमी होते आणि खराखुरा जादा तपशील मिळतो. ही युक्ती अस्सल आहे. पण ती चालते ते यातला प्रत्येक फोटो इतक्या थोड्या वेळात टिपलेला असतो की तो स्वतः फारसा हललेला नसतो म्हणून. दोन फोटोंच्या मधलं हलणं उपयोगाचं ठरतं, एका फोटोच्या आतलं हलणं घातक. आणि दृश्यातली माणसंच नाचत असतील तर जुळवणीही फसते. मूळ मुद्दा त्यामुळे बाजूला पडत नाही, उलट पक्का होतो. सुधारणा झाली ती उजेड आणि वेळ यांचा वापर बदलून.

राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा दावा, की फोटो कसाही निघो, आज्ञावली तो नंतर शार्प करेल. इथे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा प्रश्न विचारावाच लागतो. २०२३ मध्ये इंटरनेटवर एका प्रयोगाची बरीच चर्चा झाली. एकाने चंद्राचं मुद्दाम लहान आणि धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि अंधाऱ्या खोलीत दुरून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. त्या चित्रात नसलेले बारकावे फोटोत उमटले. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो, त्यामुळे तो कसा दिसतो हे यंत्राला शिकवून ठेवता येतं. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कोणत्याही यंत्राने आधी पाहिलेल्या नसतात. तिथे आज्ञावली जे भरते ते हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून बेतलेलं असतं. सुबक दिसेल, पण ती आजी असेलच असं नाही. सजावटीच्या फोटोला हे चालून जावं. दस्तऐवज, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं, गाडीचा नंबर अशा ठिकाणी असा भरलेला तपशील थेट दिशाभूल करू शकतो.

हातातल्या कॅमेऱ्यातून जास्त मिळवायचं तर

मेहनत तिथेच घ्यावी जिथे गळती मोठी आहे. म्हणजे आधी उजेड. घरात माणसाला खिडकीजवळ, तोंड खिडकीकडे करून बसवलं तर चेहऱ्यावर पडणारा उजेड खोलीच्या मध्यापेक्षा सहज कित्येक पट वाढतो. एवढ्याने फोन आयएसओ खाली आणतो, वेळ कमी करतो आणि पुसापुशी थांबवतो. तीन दुखणी एका औषधात जातात. कार्यालयात स्टेजवरच्या दिव्यांच्या दिशेला तोंड असेल अशी जागा गाठावी. मागून दिवे येत असतील तर चेहरा अंधारात जातो आणि वर सांगितलेलं सगळं रामायण सुरू होतं.

त्यानंतर स्थिरता. फोन दोन्ही हातांनी धरून कोपरं छातीशी टेकवावीत, खांब किंवा दाराची चौकट जवळ असेल तर तिला रेलावं. पडद्यावरचं बटण जोरात दाबताना फोन हलतो, त्याऐवजी दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. माणसं हलती असतील तर त्यांच्या हालचालीत आपसूक येणारा थांबा गाठावा. झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो, फुगडीत दिशा बदलताना वेग मंदावतो, ओवाळताना तबक कुंकवाच्या वेळी स्थिर असतं. त्या क्षणी तिसावा भागही चालून जातो. फोनमध्ये "प्रो" मोड असेल तर शटरचा वेळ स्वतः ठरवता येतो. खेळ आणि नाचासाठी सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून सुरुवात करावी आणि दाणे आले तरी सोसावेत, कारण दाणेदार लेझीम ओळखू येते, फराटा येत नाही.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी. सगळं काही शार्प यावं म्हणून अनेकजण एफ १६ किंवा २२ वर जातात. एफ १६ ला विवर्तनाची चकती २१ मायक्रॉनची होते. पूर्ण आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरचं घर सहा मायक्रॉनचं असतं, म्हणजे एक बिंदू साडेतीन घरांवर पसरला. बहुतेक लेन्स एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान सर्वात चांगल्या चालतात. फोनवाल्यांना ही चिंता नाही, तिथे बहुधा छिद्र एकाच मापाचं असतं. त्यांनी झूमचं मात्र पथ्य पाळावं. पडद्यावर १, ३, ५ असे जे आकडे छापलेले दिसतात, त्यांपैकी ज्यांच्यासाठी फोनमध्ये खरी वेगळी लेन्स आहे तेच वापरावेत आणि मधल्या आकड्यांऐवजी चार पावलं पुढे जावं.

एवढं करून मिळवलेला तपशील शेवटच्या टप्प्यावर हमखास उधळला जातो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर आणली जाते, म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोचे २ च्या आसपास उरतात, आणि वर फाइलही आणखी दाबली जाते. २०२३ पासून तिथे एचडीचा पर्याय आला आहे, तो बरा; फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. अल्बम करून घेताना छपाईवाल्याला पेनड्राइव्हवरून मूळ फाइल द्यावी. फाइलच्या माहितीत "७२ डीपीआय" लिहिलेलं पाहून घाबरू नये, ती नुसती चिठ्ठी असते. फोटोत किती पिक्सेल आहेत याच्याशी तिचा संबंध नसतो. पाहायची ती लांबी-रुंदी. तिथे ४,००० × ३,००० च्या जागी १,६०० × १,२०० दिसलं, तर ती ग्रुपवरून फिरून आलेली प्रत आहे. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवून घ्यावी.